महापालिकेच्या शाळेचा कारभार, पैसा आणि निकाल कसा तपासावा : मुंबईतील पालकांसाठी

मुंबई महानगरपालिकेच्या शाळांची चर्चा वर्षातून दोनदा हमखास होते. एकदा फेब्रुवारीत शिक्षणाचा अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा आणि दुसऱ्यांदा दहावीचा निकाल लागतो तेव्हा. पहिल्या वेळी काही हजार कोटींचा आकडा पुढे येतो, दुसऱ्या वेळी टक्केवारी. या दोन आकड्यांवरून आपल्या गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेत काय चालले आहे, याचा अंदाज येत नाही. म्हणून तपासणी वरून खाली न करता एका शाळेपासून सुरू करावी आणि तिथला प्रत्येक प्रश्न कोणत्या टेबलापर्यंत जातो, हे पाहत वर जावे.

आधी ती शाळा नेमकी कोणती, हे ठरवून घ्यावे. हे वाटते तितके सोपे नाही, कारण मुंबईत पालिकेची एक इमारत म्हणजे एक शाळा असे क्वचितच असते. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून पालिका शिकवते, आणि एकाच इमारतीत तळमजल्यावर मराठी, वर उर्दू, दुपारच्या अधिवेशनात हिंदी अशा तीन स्वतंत्र शाळा भरत असतात. प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, पट वेगळा आणि अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातला त्या शाळेचा ओळख क्रमांक, तोही वेगळा. महाराष्ट्रातील शाळांचा हा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि तो मुख्याध्यापकांच्या कार्यालयात सहज मिळतो. तो यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर घातला की शाळेचा अहवाल उघडतो. त्यात इयत्तावार पट, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाण्याची सोय, ग्रंथालय हे सारे असते. मात्र ही माहिती शाळेनेच भरलेली असते. त्यामुळे अहवालाची प्रत काढून एक दिवस प्रत्यक्ष शाळेत जावे आणि किमान तीन गोष्टी पडताळाव्यात : वापरात असलेल्या स्वच्छतागृहांची संख्या, त्या दिवशी वर्गावर असलेले शिक्षक आणि त्या दिवशीची हजेरी.

पट आणि हजेरी यांतला फरक सर्वांत बोलका असतो. पटावरून शिक्षकांची पदे ठरतात, त्यालाच संचमान्यता म्हणतात, आणि म्हणून पट फुगवण्याचा मोह व्यवस्थेतच दडलेला आहे. राज्याने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सर्व शाळांची विशेष पटपडताळणी केली ती याच कारणाने. आज आधार जोडणीमुळे कागदावरचे विद्यार्थी कमी झाले आहेत. तरीही एखाद्या वर्गात पट चाळीस आणि बाकांवर बावीस मुले असतील, तर पोषण आहाराच्या नोंदवहीत त्या दिवशी किती ताटे लिहिली गेली, हे विचारून पाहावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला तीस विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असायला हवा. हे प्रमाण काढताना शाळेच्या एकूण आकड्यावर समाधान मानू नये. एकूण प्रमाण बरोबर दिसूनही गणिताला शिक्षक नाही, अशी अवस्था उच्च प्राथमिक वर्गांत पुष्कळदा आढळते.

आता कारभार. प्राथमिक शाळा चालवणे हे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ नुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ती तिची मेहेरबानी नव्हे, आणि पैसे नाहीत म्हणून ते टाळता येत नाही. निर्णयाची साखळी साधारण अशी आहे : राज्य सरकार नेमते ते आयुक्त, त्यांच्या हाताखाली अतिरिक्त आयुक्त आणि उपायुक्त, मग शिक्षणाधिकारी, विभाग पातळीवर प्रशासकीय अधिकारी (शाळा) आणि विभाग निरीक्षक, आणि शेवटी मुख्याध्यापक. लोकप्रतिनिधींच्या बाजूने शिक्षण समिती ही वैधानिक समिती असते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळातील शिक्षणविषयक निर्णय पाहताना ते समितीतील चर्चेविना झालेले आहेत, हे लक्षात ठेवावे. ठराव सापडतो, पण त्यावर कोणी काय आक्षेप घेतला याची नोंद सापडत नाही.

या साखळीत कोणाकडे काय नाही, हे जाणणे अधिक उपयोगाचे आहे. छत गळते आहे अशी तक्रार मुख्याध्यापकांकडे नेली तर ते फार तर पत्र पुढे पाठवू शकतात, कारण इमारतींची दुरुस्ती शाळा पायाभूत सुविधा कक्ष पाहतो आणि तो अभियंत्यांचा आहे. पाठ्यपुस्तके बालभारतीची, अभ्यासक्रम राज्याचा, दहावीची परीक्षा राज्य मंडळाची, संचमान्यतेचे निकष शालेय शिक्षण विभागाचे. मुंबई पब्लिक स्कूल या नावाने पालिकेने २०२०-२१ पासून काही शाळांत केंद्रीय आणि अन्य मंडळांचे अभ्यासक्रम आणले. जोगेश्वरीच्या पूनमनगरची शाळा त्यांतली सुरुवातीची. या शाळांना मागणी आहे यात शंका नाही, पण त्यांच्या यशाची तुलना शेजारच्या मराठी माध्यमाच्या शाळेशी करताना एक भान हवे : जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त येतात आणि सोडत काढावी लागते, तिथे आपणहून अर्ज भरणारे पालक आधीच वेगळे निवडले गेलेले असतात.

पालकाला कायद्याने हक्काची खुर्ची मिळते ती एकाच ठिकाणी, शाळा व्यवस्थापन समितीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक हे सदस्य सचिव असतात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा आहे. एका शाळेच्या अशा बैठकीला मी बसलो होतो. बैठक चौदा मिनिटांत संपली. इतिवृत्ताची वही फिरली तेव्हा तिचे पान कोरे होते आणि खाली सह्यांची जागा आखलेली होती. एक बाई सही करताना विचारत्या झाल्या, “वरती काय लिहिणार?” उत्तर आले, “नेहमीचंच.” समितीवर निवडून आलेल्या पालकाने शिकण्याची पहिली गोष्ट म्हणजे कोऱ्या पानावर सही न करणे. दुसरी गोष्ट म्हणजे मागील बारा महिन्यांची इतिवृत्ते मागून वाचणे. प्रत्येक बैठकीत तेच तीन ठराव त्याच शब्दांत उतरलेले असतील, तर ती समिती केवळ वहीत भरते आहे.

समितीच्या हाती थोडाफार पैसाही असतो. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान आहे : १०१ ते २५० पटाला ५० हजार आणि २५१ ते १,००० पटाला ७५ हजार रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. रक्कम मोठी नाही, पण ती कोणत्या महिन्यात खात्यावर आली हे पासबुकात पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेले पैसे ३१ मार्चपूर्वी संपवायचे असतात, आणि मग गरजेची वस्तू बाजूला राहून पटकन बिल मिळणारी वस्तू घेतली जाते.

मोठ्या पैशाकडे वळण्यापूर्वी घरातले मालमत्ता कराचे देयक काढून समोर ठेवावे. त्यात महापालिका शिक्षण उपकर आणि राज्य शिक्षण उपकर अशा दोन वेगळ्या ओळी दिसतील. पहिली रक्कम पालिकेची, दुसरी पालिका केवळ गोळा करते आणि राज्याला देते. “आम्ही शिक्षणाचा कर भरतो” असे म्हणताना यांतला कोणता, हे ठाऊक असलेले बरे. याखेरीज प्राथमिक शिक्षणाच्या मान्य खर्चापोटी राज्याने पालिकेला पन्नास टक्के अनुदान द्यायचे असते. ‘मान्य’ या एका शब्दावरून वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालू आहे आणि थकबाकीचा आकडा हजारो कोटींत गेलेला आहे. दरवर्षी आयुक्तांच्या अर्थसंकल्पीय निवेदनात तो छापलेला असतो. तिथे तो जरूर पाहावा.

पालिकेच्या अर्थसंकल्पात शिक्षणाचा भाग ‘ई’ या अक्षराने स्वतंत्र येतो. २०२४-२५ मध्ये तो ३,४९७.८२ कोटी रुपयांचा होता आणि २०२५-२६ मध्ये ३,९५५.६४ कोटींचा. वाढ सुमारे तेरा टक्के, आणि बातम्यांत तीच आली. पण त्याच काळात पालिकेचा एकूण अर्थसंकल्प ५९,९५४.७५ कोटींवरून ७४,४२७.४१ कोटींवर गेला, म्हणजे शिक्षणाचा वाटा सुमारे ५.८ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आला. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणते विधान कोण करतो आहे, यावरून बोलणारा खुर्चीच्या कोणत्या बाजूला बसला आहे हे बहुधा कळते.

अर्थसंकल्पाच्या या पुस्तिकेत प्रत्येक शीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या बाबीपुढे, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च अशा रकमा असतात. नवख्याने प्रत्यक्ष खर्चाच्या स्तंभापासून वाचायला सुरुवात करावी. आपल्या आवडीचे एकच शीर्ष निवडावे, उदाहरणार्थ दुरुस्ती, संगणक किंवा विद्यार्थ्यांना मोफत मिळणाऱ्या २७ शालोपयोगी वस्तू, आणि तीन वर्षांच्या पुस्तिका शेजारी ठेवून तेवढीच ओळ तपासावी. तरतूद दरवर्षी तीच आणि खर्च दरवर्षी निम्मा असेल, तर अडचण पैशाची नसून निविदेची किंवा मंजुरीची आहे. वस्तूंच्या बाबतीत रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची. जूनमध्ये लागणारा रेनकोट सप्टेंबरमध्ये वाटला तरी हिशेबात खर्च शंभर टक्केच दिसतो.

एक सापळा मात्र टाळावा. एकूण रकमेला विद्यार्थिसंख्येने भागून “पालिका एका मुलामागे एवढे खर्च करते, त्यात खासगी शाळेची फी भरता येईल” असे गणित मांडले जाते. ‘ई’ अर्थसंकल्पात निवृत्त शिक्षकांचे निवृत्तिवेतन असते, खासगी अनुदानित प्राथमिक शाळांना दिले जाणारे अनुदानही असते. त्या रकमा वजा केल्याशिवाय भागाकार करू नये, आणि वजा केल्यावर जो आकडा येतो तो पहिल्याइतका चमकदार नसतो.

राहिला निकाल. पालिकेच्या शाळांचा दहावीचा निकाल २०१९ मध्ये ५३.१४ टक्के लागला आणि २०२० मध्ये ९३.२५ टक्के. एका वर्षात मुलेही तेवढी बदलत नाहीत आणि शिक्षकही. २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. राज्याचा निकालही या दोन वर्षांत ७७.१० वरून ९५.३० टक्क्यांवर गेला होता. म्हणून पालिकेच्या टक्केवारीची तुलना तिच्याच मागच्या वर्षाशी न करता त्याच वर्षीच्या राज्याच्या निकालाशी करावी. २०१९ मध्ये ते अंतर जवळपास चोवीस टक्केबिंदूंचे होते, २०२० मध्ये दोनाचे. अंतर्गत गुणांचा टेकू काढताच सर्वाधिक कोण कोसळले, हे यातून दिसते, आणि माझ्या मते त्या दोन वर्षांतून शिकण्यासारखी गोष्ट हीच होती.

शिवाय पालिकेच्या अनेक शाळा सातवी-आठवीलाच संपतात. माध्यमिक शाळा त्या मानाने थोड्या. त्यामुळे दहावीचा निकाल पहिलीत दाखल झालेल्या सर्व मुलांचा नसतो. आपल्या शाळेपुरते पाहायचे असेल तर सात वर्षांपूर्वी पहिलीत किती होती आणि आज आठवीत किती आहेत, हे दोन आकडे मागावेत, आणि मधल्या काळात दिलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची संख्याही. मुले गावी गेली, खासगी शाळेत गेली की कामाला लागली, हे दाखल्यांच्या नोंदीतून बऱ्याच अंशी उलगडते. मुलांना प्रत्यक्ष किती येते हे तपासणारे राष्ट्रीय पातळीवरील ‘परख’ सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. त्याचे अहवाल जिल्हावार असल्याने त्यावरून एका शाळेबद्दल निष्कर्ष काढू नये. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’चे नेहमीचे सर्वेक्षण ग्रामीण भागाचे असते, ते मुंबईला लावणे चूकच. प्रजा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेचे पालिका शिक्षणावरील अहवाल माहितीच्या अधिकारातून मिळवलेल्या आकड्यांवर आधारलेले असतात आणि माध्यमवार पट पाहण्यासाठी उपयोगी पडतात.

जे उघड मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागावे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. सोबत दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावावे. “दुरुस्ती का झाली नाही?” असे विचारू नये, कारण ‘का’चे उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. “अमुक यू-डायस क्रमांकाच्या शाळेच्या दुरुस्तीबाबत १ एप्रिल २०२३ पासून आजवर झालेल्या पत्रव्यवहाराच्या, अंदाजपत्रकाच्या आणि कार्यादेशाच्या प्रती द्याव्यात” असे लिहावे. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, त्यानंतर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. तक्रारच करायची असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. दोन्ही अर्ज स्वतंत्र ठेवावेत आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

माहितीच्या अर्जाच्या उत्तरात पुष्कळदा ‘निरंक’, म्हणजे काही नोंद नाही, एवढाच शब्द येतो. त्याने खचून जाऊ नये. दुरुस्तीच्या पत्रव्यवहारापुढे ‘निरंक’ लिहिलेले असेल, तर मुख्याध्यापकांनी पत्र पाठवलेच नाही किंवा ते वर नोंदवले गेले नाही. शाळेची जावक नोंदवही मागितली की यांतले कोणते, हे दहा मिनिटांत समजते.