जुन्या ट्रकमधील नव्या इंजिनाला डिजिटल मीटर जोडताना
जुन्या ट्रकमध्ये ईसीएमवर (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकावर) चालणारे नवे इंजिन बसवल्यावर, शक्य असेल तिथे प्रत्येक मापासाठी वेगळा सेन्सर न लावता, ओबीडी सॉकेटच्या (वाहनाची तपासणी करणारे उपकरण जोडण्याच्या जागेच्या) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवरून कॅनच्या (ईसीएमकडील माहिती वाहून नेणाऱ्या जाळ्याच्या) दोन तारा एकमेकींना पीळ देऊन मीटरपर्यंत न्याव्यात. तत्पूर्वी बॅटरी सोडवून या पिनांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो सुमारे ६० ओहम हवा, आणि १२० दिसल्यास एका टोकाचा टर्मिनेशन रेझिस्टर (तारांच्या टोकाला लावायचा रोधक) राहून गेला असण्याची शक्यता अधिक. डिझेलची पातळी मात्र बहुधा जुन्या टाकीतील फ्लोटवरूनच (डिझेलवर तरंगणाऱ्या पातळीमापकावरूनच) घ्यावी लागते, म्हणून त्याच्या ओहमशी जुळणारी मीटरमधील सेटिंग निवडावी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा इशारा आवाजासह चालू ठेवणे मला सर्वांत निकडीचे वाटते.