भरता येणाऱ्या पीडीएफ फॉर्ममधून माहिती थेट डेटाबेसमध्ये कशी न्यावी

ग्रंथालयाच्या सभासद नोंदणीसाठी पीडीएफ फॉर्म करायचा असेल, तर फॉर्मच्या मांडणीआधी डेटाबेसचा तक्ता ठरवावा. प्रत्येक माहितीसाठी स्तंभ कोणता, तो मजकूर, संख्या की तारीख, आणि तो रिकामा चालेल का, हे लिहून काढल्यावर फॉर्मच्या रकान्यांना तीच नावे रोमन लिपीत, मधे जागा न सोडता द्यावीत. रकान्याचे शीर्षक मराठीत सुबक असले तरी सर्व्हरला, म्हणजे भरलेली माहिती स्वीकारणाऱ्या संगणकाला, दिसते ते हे आतले नाव, त्यामुळे ‘टेक्स्ट१’, ‘टेक्स्ट२’ अशी आपोआप पडलेली नावे तशीच ठेवल्यास पुढे कोणती माहिती कुठली हे कळेनासे होते. भ्रमणध्वनी क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा, कारण संख्या म्हणून साठवल्यास सुरुवातीचे शून्य नाहीसे होते.

लिब्रेऑफिस रायटर या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये असा फॉर्म विनामूल्य तयार होतो. रकाने मांडून झाल्यावर एक बटण ठेवावे, त्याची क्रिया ‘सबमिट फॉर्म’ अशी निवडावी आणि फॉर्मच्या गुणधर्मांत सर्व्हरचा ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा पत्ता लिहावा. पीडीएफ निर्यात करताना माहिती पाठवण्याचे एफडीएफ, पीडीएफ, एचटीएमएल आणि एक्सएमएल असे चार प्रकार दिसतात. मराठी नावे व पत्ते भरले जाणार असतील तर मी एक्सएमएलच निवडण्याचा आग्रह धरेन. त्यातून एक्सएफडीएफ स्वरूपातील (फॉर्ममधील माहितीच्या एक्सएमएल मांडणीतील) माहिती जाते, ती युनिकोडमध्ये देवनागरी नीट वाहून नेते, आणि प्रत्येक रकान्याचे नाव व त्यातील मजकूर सर्व्हरवरील छोट्या प्रोग्रॅमला सहज वाचता येतो.

त्या प्रोग्रॅमने आलेल्या माहितीवर विश्वास ठेवू नये. फॉर्ममधील तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती टाळून कोणीही थेट सर्व्हरकडे काहीही पाठवू शकतो. म्हणून तारीख खरी आहे का, आवश्यक रकाने भरले आहेत का, हे सर्व्हरवर पुन्हा तपासावे. आलेला मजकूर एसक्यूएलच्या (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेच्या) वाक्यात जोडून न देता पॅरामीटर म्हणून, म्हणजे आज्ञेपासून वेगळे मूल्य म्हणून, स्वतंत्र द्यावा, नाहीतर पत्त्याच्या रकान्यातून कोणी डेटाबेसवर आज्ञा चालवू शकेल. खूण न केलेली चौकट कधी ‘ऑफ’ म्हणून येते, कधी येतच नाही. दोन्हींचा अर्थ ‘नाही’ असाच धरावा. एकच फॉर्म दोनदा पाठवला गेल्यास दुहेरी नोंद होऊ नये, यासाठी तक्त्यात भ्रमणध्वनी क्रमांक आणि जन्मतारीख यांच्या जोडीवर अनन्यतेची अट (तीच जोडी पुन्हा न स्वीकारण्याची अट) घालता येते.

चाचणी अॅडोब रीडरमध्ये करावी आणि ब्राउझरमध्येही, कारण अनेक ब्राउझरांच्या अंगभूत पीडीएफ दर्शकांत रकाने भरता येतात, पण पाठवण्याचे बटण चालतेच असे नाही. हे लक्षात घेऊन फॉर्मच्या वरच्या भागात ‘फाइल उतरवून अॅडोब रीडरमध्ये उघडा’ अशी स्पष्ट सूचना छापावी. ज्यांना बटण वापरता येणार नाही, त्यांनी भरलेली फाइल ईमेलने पाठवावी. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘पायपीडीएफ’ लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) त्या फाइलमधील रकाने वाचून त्याच तपासण्यांतून डेटाबेसमध्ये नोंद घालता येते.