मार्टिन्सव्हिलच्या वळणातून बाहेर पडताना गाडीचं मागचं टोक सुटत असेल तर

लक्षण: आयरेसिंगमध्ये (संगणकावरचा रेसिंग सिम्युलेटर) मार्टिन्सव्हिल (अमेरिकेतला छोटा ओव्हल ट्रॅक, ०.५२६ मैल, वळणांत उतार फक्त १२ अंश). पहिले दहा लॅप ठीक, मग दुसऱ्या आणि चौथ्या वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दिला की मागचं टोक उजवीकडे निसटायचं.

मागचा उजवा टायर कमी दाबाचा केला, ब्रेक बायस (ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटण्याचं प्रमाण) पुढे नेला, फरक नाही. दोन आठवडे अक्षरशः वैतागलो होतो.

शेवटी टेलिमेट्री (स्टिअरिंग, पेडल वगैरेंची लॅपभराची नोंद) उघडली. स्टिअरिंग अजून चांगलंच वळलेलं असतानाच मी अॅक्सिलरेटर दाबत होतो. तिथेच मागचा उजवा टायर भाजून निघत होता.

आधी चालवण्याची पद्धत सुधारली. ब्रेक थोडा लवकर लावला, सावकाश सोडला, गाडी वळणाच्या मध्यात मोकळी फिरू दिली. आतली कड उशिरा गाठली आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागल्यावरच अॅक्सिलरेटर दिला, तोही हळूहळू.

मग सेटअप: क्रॉस वेट (पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक मिळून पेलतात तो वजनाचा वाटा) अर्ध्या टक्क्याने वाढवलं, बाकी काहीही न बदलता वीस लॅप मारले. पुन्हा अर्धा टक्का. शेवटी ट्रॅक बार (मागचा अॅक्सल आडव्या दिशेत जागेवर धरणारा दांडा) जरासा खाली. क्रॉस वेट याहून वाढवलं तर मध्यात गाडी वळेनाशी होते, म्हणून तिथेच थांबलो.