एकट्याने गिटारवर अँबियंट लूप कसा बांधायचा

रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) लूपरच्या (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या पायपेडलच्या) आधी लावा, नंतर लावलेत तर सगळे थर एकदम भिजून नुसता चिखल होतो. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, तार छेडा आणि करंगळीने नॉब हळूच वर न्या, टणत्कार गायब, सूर तंबोऱ्यासारखा उगवतो. लूपचं पहिलं रेकॉर्डिंग संपवताना थेट ओव्हरडबमध्ये (आधीच्यावर नवा थर चढवण्याच्या मोडमध्ये) जा, म्हणजे सुराची शेपटी सुरुवातीवर चढते नि जोड लपतो (माझा पाय अजूनही चुकतो, मग खट्ट!). लूपरचा फीडबॅक (दर फेरीला जुना आवाज किती उरतो ते) ८०-९० टक्के ठेवा, जुने थर आपोआप विरतात, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप १९७० च्या दशकात दोन रेव्हॉक्स टेप रेकॉर्डरमधून एकच टेप फिरवून हेच करायचा. दोन लूपर असतील तर एक ७ सेकंदांचा, दुसरा ११ चा, परत जुळायला ७७ सेकंद लागतात, तोवर हात बाजूला ठेवून नुसतं ऐका.