वयाने मोठ्या कुत्र्याला भटक्या कुत्र्यांच्या गल्लीतून शांतपणे कसं न्यावं

ठमीला घरी आणलं तेव्हा शेजारच्या काकांनी लगेच निकाल दिला, "सहा वर्षांची घोडी झालीय, आता काय शिकणार!" ठमी गावठी. वय डॉक्टरांनी दात बघून काढलेलं. पिल्लाला जगाची ओळख करून द्यायचा सर्वांत चांगला काळ तीन ते बारा-चौदा आठवडे, हे खरंच आहे. पण तो उलटला म्हणून शाळा बंद होत नाही. मोठं कुत्रं उलट पिल्लापेक्षा जास्त वेळ लक्ष देतं. फक्त त्याच्या जुन्या खोडी मुरलेल्या असतात. ठमीनंतर मी ओळखीपाळखीतली बरीच कुत्री चालवली. सगळ्यांची गाडी अडते ती एकाच ठिकाणी: समोरून दुसरं कुत्रं आलं की.

सामान थोडकं आहे. छातीवर बसणारा हार्नेस आणि सहा फुटी साधा पट्टा. बटण दाबून लांब होणारा पट्टा आणू नका. ऐन वेळी दोरी सुटत जाते आणि कुत्रं रस्त्याच्या मधोमध पोचतं. खाऊ म्हणून बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून. कांदा-लसूण घातलेलं काही नको, आणि प्रसादातले बेदाणे तर मुळीच नकोत, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात. कुत्रं अचानक चिडचिडं झालं असेल तर आधी कान, दात आणि सांधे डॉक्टरांना दाखवून घ्या. दुखणाऱ्या कुत्र्याला शिकवत बसण्यात अर्थ नाही.

आता एक खुणेचा शब्द ठरवा. शब्द उच्चारला की सेकंदाच्या आत तुकडा तोंडात, असं घरात दोन-तीन दिवस, दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा करा. शब्द आखूड हवा आणि घरात एरवी न वापरला जाणारा. मी आधी "हां" ठरवला होता. सासूबाई फोनवर बोलायला बसल्या की दर "हां, हां" ला ठमी त्यांच्या पायाशी जाऊन चिकन मागायची. मग "टक" केला.

"बस" शिकवायला एक संध्याकाळ पुरते: तुकडा नाकावरून डोक्याच्या मागे न्या, बूड टेकलं की "टक". ढुंगण दाबून बसवू नका. "मागे" म्हणताच तुमच्याबरोबर गर्रकन वळायचं, हे मात्र घराच्या पॅसेजमध्ये आठवडाभर घोटून घ्या. पुढे जीव वाचतो.

आता खरी गोष्ट. यात मी वर्षभर चुकले.

ठमी एरवी गाय. पण कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीखाली एक काळा कुत्रा असायचा, तो दिसला की ती दोन पायांवर उभी राहून किंचाळायची. मी पट्टा मागे ओढायचे. मी ओढलं की ती दुप्पट जोर लावायची. एकदा त्या ओढाताणीत मी गुडघ्यावर आपटले. मग एका शिकवणाऱ्याने गळ्याला आवळणारी साखळी दिली: "भुंकली की एक झटका द्यायचा, तिला कळलं पाहिजे मालक कोण." आठ दिवस ती गप्प राहिली आणि मी खूश झाले. नवव्या दिवशी काळ्याला बघून ती भुंकली नाही, गुरगुरलीही नाही, थेट झेपावली.

का, ते समजून घ्या. काळा दिसतो आणि गळा आवळतो, असं आठ दिवस घडलं. तिच्या हिशेबी गळ्याचं दुखणं काळ्यामुळेच. शिवाय गुरगुरणं ही नोटीस असते. मी नोटीस देणं बंद करायला लावलं, राग तसाच ठेवला. आणि ते "मालक कोण" प्रकरण? ते १९४७ सालच्या एका लांडग्यांच्या अभ्यासावरून आलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते. रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पोरं. ही "अल्फा"ची, म्हणजे कळपावर दादागिरी करणाऱ्या म्होरक्याची, कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच पुढे १९९९ साली ती चूक असल्याचं लिहिलं. आपल्याकडे मात्र अजून झटके चालू आहेत.

साखळी टाकून दिली आणि अंतर मोजायला लागले. सगळी किल्ली अंतरात आहे. समोरचं कुत्रं दिसतंय, तरीही आपलं कुत्रं तुकडा खातंय, इतकं लांब उभं राहायचं. ठमीच्या बाबतीत हे अंतर तीस पावलं निघालं. तिने काळ्याकडे पाहिलं, त्याच क्षणी "टक", आणि तुकडा माझ्या मांडीशी. मांडीशीच, म्हणजे मान आपोआप वळते. परत पाहिलं, परत "टक". सात-आठ वेळा झालं की घरी. सगळं मिळून पाच मिनिटं. लोक इथेच हावरटपणा करतात: आज छान झालं, अजून थोडं जवळ नेऊ. नका नेऊ.

तोंड घट्ट मिटलं, कान पुढे आले, जमीन हुंगणं थांबलं, अंग ताठ झालं, की तुम्ही जवळ गेलात. तुकडा बोटासकट ओढला तरी तेच. खायचंच नाकारलं तर फारच जवळ गेलात. "मागे" म्हणा आणि निघा. तिथे थांबून "बस, बस, बस" ओरडत राहणारी माणसं बघून माझं डोकं उठतं. घाबरलेल्या जिवाला तेव्हा काही ऐकू येत नाही.

साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी ठमीने काळ्याकडे पाहिलं आणि मी "टक" म्हणायच्या आतच मान वळवून माझ्याकडे बघितलं: दे की. याच क्षणाची वाट बघायची. तो आला की दोन-तीन पावलं पुढे सरका, आणि तिथे पुन्हा तीन-चार दिवस मुक्काम. आम्हाला तीस पावलांवरून टपरीच्या समोरच्या फुटपाथपर्यंत यायला चार महिने लागले. मध्ये एखादा दिवस बिघडतोच. मग पुढचा दिवस बाहेरचा सराव बंद. घरात जुन्या टॉवेलमध्ये तुकडे गुंडाळून शोधायला द्या.

वेळही हुशारीने निवडा. भटकी कुत्री पहाटे आणि रात्री इलाख्यासाठी भांडतात, दुपारी गाड्यांखाली झोपतात. थंडीत सरावाला सकाळी अकराची वेळ उत्तम. उन्हाळ्यात नको. तळहाताची मागची बाजू पाच-सहा सेकंद डांबरावर टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही.

आणि भटकं कुत्रं थेट अंगावरच आलं तर? पळू नका, दगड उचलू नका. मूठभर तुकडे त्याच्या तोंडासमोर भिरकावा आणि तो खाली वाकला की "मागे". मऊ आवाजात "हाड" म्हणून उपयोग नाही. म्हणायचंच तर पोटातून एकदाच म्हणा, महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुत्र्याला तो शब्द कळतो. गंमत म्हणजे ठमीलाही कळतो, म्हणून मी तुकड्यांवरच भागवते. आपल्या कुत्र्याला उचलून डोक्यावर धरू नका, खालचं कुत्रं उडी मारतं आणि चावा तुम्हाला बसतो. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा. आपल्या कुत्र्याची रेबीजची लस चुकवलेली नाही, हे मी गृहीत धरलंय.

तुकडे पोटात जातात तेवढी रात्रीच्या भाकरीतून कपात करा. ठमी मध्ये दोन किलोंनी वाढली होती. आणि फिरून आल्यावर खिसे उलटे करा. माझी एक निळी पँट चिकनच्या तुकड्यांसकट मशीनला लागली, तेव्हापासून ती दोरीवर वाळत घातली की काळा खाली येऊन बसतो.