समाजशास्त्राचा एम.ए. प्रकल्प अडतो कुठे? या चुका टाळा

पुण्यात समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला साधनांची वानवा नाही. विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे, बीएमसीसी रस्त्याला गोखले इन्स्टिट्यूट आहे, येरवड्याला डेक्कन कॉलेज. तरीही दुसऱ्या वर्षाचे प्रकल्प रखडतात, कारण प्रश्न पक्का व्हायच्या आत प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढून झालेल्या असतात. ‘पुण्यातील स्थलांतरित कामगार’ हा नुसता विषय झाला. ‘नऱ्ह्यातल्या बांधकाम मजुरांपैकी मुकादमाशिवाय काम कोणाला मिळतं?’ हा प्रश्न झाला. तो असा एका वाक्यात मांडता आला की कुठलं कपाट उघडायचं आणि कोणाला भेटायचं, हे बरंचसं ठरून जातं.

आकडे हद्द न बघता उचलणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. नऱ्हेच घ्या. २०११ च्या जनगणनेत ते पुणे महापालिकेत शोधाल तर सापडणार नाही. ते पालिकेत आलं २०२१ मध्ये, आणखी २२ गावांसोबत. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नांदेड हीही त्याच खेपेतली. उंड्री, धायरी, शिवणे त्याआधी, २०१७ च्या ११ गावांत आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर आत येऊन पुन्हा बाहेर पडली! या गावांचे २०११ चे आकडे पुणे जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत बघायचे: सूस आणि म्हाळुंगे मुळशी तालुक्याखाली, बाकीची हवेलीखाली.

ही गावं न मिळवता २०११ चं शहर आणि आजचं शहर शेजारी मांडलं, की हद्दवाढ लोकसंख्यावाढ म्हणून खपून जाते. प्रभागांचंही तसंच. निवडणुकीगणिक त्यांची रचना बदलते, त्यामुळे क्रमांक तोच दिसला तरी वस्ती तीच असेल असं नाही. म्हणून तक्त्याखाली एक ओळ हवीच: आकडा कोणत्या वर्षाचा, कोणत्या हद्दीचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) वापरतानाही हेच भान ठेवा. तिचं पुण्याचं पत्रक जिल्ह्याचं आहे. त्यातला आकडा जनता वसाहतीसारख्या एका वस्तीला चिकटवता येत नाही.

फक्त गूगलवर शोधणं

लेख उघडताना पैसे मागितले की बरेच जण तो सोडून देतात. विद्यापीठाच्या आवारात वायफायवर तोच लेख बहुधा उघडतो. घरून वाचायचा असेल तर ग्रंथालयाकडून दूरस्थ लॉगिन मागून घ्या. संलग्न कॉलेजात असाल तर ग्रंथपालांना ‘आपल्याकडे एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांची योजना) आहे का?’ असं सरळ विचारा. असेल तर लॉगिन तेच देतात. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले प्रबंध खुले आहेत, पण त्यांचा खरा उपयोग शेवटची संदर्भसूची चाळायला. त्यातलं उद्धृत मूळ पुस्तक न बघता पुढे उतरवलं, तर त्यातल्या चुकाही सोबत येतात.

दुसऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात जाताना विभागाचं पत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा. बाहेरच्यांना पुस्तक सहसा घरी मिळत नाही, तिथेच बसून टिपणं काढावी लागतात. आदिवासी समाजांवर काम असेल तर क्वीन्स गार्डनमधली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था विसरू नका.

मुलाखतींचा हिशेब चुकणं

तासाभराची मुलाखत उतरवायला चार ते सहा तास लागतात. १२ मुलाखती म्हणजे साठेक तास, आणि विश्लेषण त्यानंतर. पहिल्या दोन मुलाखती लगेच उतरवून काढा. कोणत्या प्रश्नाला लोक नुसतं ‘हो’ म्हणून गप्प होतात ते तेव्हाच कळतं, आणि उरलेल्या दहा फुकट जात नाहीत.

टंकलेखन आणि साम्य-तपासणी

मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या पानापासून युनिकोडच वापरावं. जुन्या फाँटमधला मजकूर, दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरं वाटतो, आणि ऐन वेळी रूपांतर केलं की जोडाक्षरं, रफार तुटतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ४० पर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. रीतसर श्रेय दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. इंग्रजी परिच्छेदाचं भाषांतर सॉफ्टवेअरच्या नजरेतून सुटेलही, पण परीक्षकांना वाक्याच्या ठेवणीवरून ते लगेच कळतं.

मार्गदर्शकांना ‘सर, बघून घ्या’

४० पानं पाठवून त्यावर एवढंच लिहिलं तर ती तशीच पडून राहतात. दोन पानं पाठवा आणि नेमकं विचारा: ‘मॅडम, नमुना २० चा ठेवू की दोन वस्त्यांतून दहा-दहा घेऊ?’ भेट झाली की काय ठरलं ते त्याच संध्याकाळी तीन ओळींत मेल करा.

शिष्यवृत्तीची दारं चुकणं

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्ती पीएच.डी.साठी असतात. एम.ए.ला आधी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना बघा. अर्ज परत येतो तो बऱ्याचदा उत्पन्नाचा दाखला जुना असल्यामुळे किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे. ही दोन्ही कामं प्रवेशाच्या आठवड्यातच उरका.