उशा धुताय? आधी या चुका टाळा

पावसाळ्यात उशी धुवायला काढू नका, हे सगळ्यात आधी सांगते. मागच्या जुलैत कोथरूडला आमच्या फ्लॅटमध्ये मी दोन फायबरच्या उशा मशीनला लावल्या, तीन दिवस गॅलरीत ठेवल्या, वरून हाताला एकदम कोरड्या लागल्या म्हणून अभ्रे चढवले आणि आठवड्याभरात असा कुबट वास यायला लागला की झोपवेना. आत ओल राहून बुरशी धरलेली, दोन्ही टाकून द्याव्या लागल्या, फार वाईट वाटलं. पुण्यात उशा धुवायच्या तर मार्च ते मे, नाहीतर ऑक्टोबर हीटमध्ये दिवाळीच्या साफसफाईबरोबर, आणि तेही सकाळी लवकर म्हणजे पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं.

आता मी एक करते, धुवायच्या आधी उशीचं वजन करून ठेवते, बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो ना त्याने. वाळल्यावर परत तोलायची, थोडी जरी जड भरली तरी आत पाणी आहे, अजून एक दिवस गच्चीवर. मधूनमधून उलटायची आणि हाताने फोडून मोकळी करायची नाहीतर फायबरचे गोळे होतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे आत काय भरलंय ते न बघताच पाण्यात घालणं. शेवरीची उशी कधीच भिजवू नका, तो कापूस एकदा ओला झाला की गठ्ठा होतो आणि आधीसारखा फुलत नाही. तिला कडक ऊन द्यायचं, बास. साध्या कापसाची उशी दडस झाली असेल तर गादीवाल्याकडून पिंजून घ्या, धुण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. फोमची उशी मशीनमध्ये फाटते, तिचं फक्त कव्हर धुवा आणि फोम सावलीत वाऱ्यावर ठेवा कारण उन्हाने तो पिवळा पडून भुगा व्हायला लागतो.

फायबरची उशी एकटी मशीनला लावली की ड्रम एका बाजूला जड होऊन धाडधाड हलतो, म्हणून दोन लावा, पावडर नेहमीपेक्षा कमी आणि एक रिन्स जास्त.

पिवळे डाग दिसले की लोक ब्लीच ओततात. घामाचे डाग त्याने उलट जास्त पिवळे होऊ शकतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर तर चुकूनही मिसळू नका प्लीज, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बाथरूम बंद असेल तर खरंच धोका आहे. डोक्याच्या तेलाचे डाग असतील तर भांडी घासायचं लिक्विड चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा.

नुसता वास येत असेल तर सेंट मारून तो फक्त झाकला जातो. कोरड्या उशीवर खायचा सोडा भुरभुरवा, अर्ध्या तासाने व्हॅक्यूमने ओढून घ्या.

आणि हो, फायबरची उशी आधी मधोमध दुमडून सोडून बघा, परत उलगडली नाही तर ती धुण्यात वेळ घालवू नका, नवीनच आणा.